डोक्यावरच्या पत्र्याचा हिशेब

२०११ च्या जनगणनेच्या घरयादीत छताच्या साहित्याविषयी एक प्रश्न होता. गवत, कौले, दगड, काँक्रीट अशा उत्तरांच्या रांगेत एक रकाना होता : जी. आय., धातू किंवा ॲस्बेस्टॉसचे पत्रे. देशातील सुमारे २४ कोटी ६७ लाख कुटुंबांपैकी १५.९ टक्के कुटुंबे या रकान्यात नोंदली गेली. २००१ मध्ये हेच प्रमाण ११.६ टक्के होते. म्हणजे जवळपास चार कोटी कुटुंबे पत्र्याखाली राहतात, एवढे आपल्याला ठाऊक आहे. त्यांतील किती पत्रे लोखंडाचे आणि किती ॲस्बेस्टॉस सिमेंटचे, हे मात्र या गणनेवरून कळू शकत नाही. एक गंजतो, दुसरा फुटतो. एकाचा तुकडा भंगारात विकता येतो, दुसऱ्याच्या धुळीने तीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. राज्यसंस्थेने दोन्ही एकाच खान्यात घातले आहेत.

ॲस्बेस्टॉसबद्दल आपल्याकडे चर्चा होते ती बंदीविषयी. बंदी हवी की नको, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यावर माझे मत स्पष्ट आहे : ती हवी आणि फार पूर्वीच यायला हवी होती. परंतु बंदीच्या वादाने दुसरा, अधिक निकडीचा प्रश्न झाकून टाकला आहे. उद्या सकाळी आयात थांबली तरी गेल्या आठ-नऊ दशकांत चाळींवर, शाळांवर, गोदामांवर, रेल्वे वसाहतींवर, गोठ्यांवर आणि लाखो खासगी घरांवर चढलेले पत्रे तेथेच राहणार आहेत. ते जुने होतील, फुटतील, काढले जातील. ते कोण काढणार, कसे काढणार आणि कुठे टाकणार, याचे उत्तर आज भारतातील कोणत्याही ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत सहज मिळत नाही.

या वस्तूचा इतिहास हा अज्ञानाचा इतिहास नाही. ब्रिटनमधील कारखाना निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीचे दुष्परिणाम नोंदवले होते; सूक्ष्मदर्शकाखाली या धुळीचे कण काचेसारखे तीक्ष्ण आणि दातेरी दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते. ते सरकारी दप्तरात गेले आणि तेथेच राहिले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी करून त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांच्या फुप्फुसांत दोष असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर १९३१ मध्ये ब्रिटनने या उद्योगासाठी धूळ-नियंत्रणाचे नियम केले. भारतात ब्रिटिश भांडवलाने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे कारखाने उभे राहू लागले तेही याच दशकात. मुंबईतील मुलुंड आणि तेव्हाच्या मध्य प्रांतातील कैमोर ही त्यांची आरंभीची ठिकाणे. नियम मायदेशी राहिले. वस्तू वसाहतीत आली.

ती का रुजली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागणाऱ्या छपराच्या तुलनेत हा पत्रा म्हणजे मोठी सुटका होती. तो गंजत नाही, पेट घेत नाही, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत टिकतो, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही आणि पावसात त्याच्याइतका वाजतही नाही. कौलारू छताला लागणारा जाडजूड लाकडी सांगाडा त्याला लागत नाही. ओडिशात, बिहारमध्ये, झारखंडमध्ये गवताच्या छपरावरून या पत्र्याखाली येणे ही कुटुंबाच्या प्रगतीची खूण समजली गेली. आपल्याकडेही तो ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणूनच ओळखला जातो. या साध्या नावात धोक्याचा मागमूस नाही, आणि पुढच्या अडचणीचे अर्धे मूळ त्यातच आहे. ज्याला आपण केवळ सिमेंट समजतो, ते कापताना तोंड कोण झाकील?

आता प्रत्यक्ष धोक्याविषयी. येथे घबराट आणि बेफिकिरी दोन्ही टाळणे आवश्यक आहे. या पत्र्यात बहुतांश सिमेंट असते. साधारणपणे दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे कमी क्रायसोटाईल, म्हणजे ‘पांढरा ॲस्बेस्टॉस’, असतो. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. अखंड, न हलवलेला पत्रा घरात विषारी धूर सोडत बसत नाही. त्याखाली झोपणाऱ्या प्रत्येकाला आजार होणार, असे मानण्यास आधार नाही. परंतु करवतीने कापणे, भोक पाडणे, हातोड्याने फोडणे, शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासणे, उंचावरून खाली फेकणे, तुकड्यांवरून वाहने जाणे अशा प्रत्येक वेळी तंतू मोकळे होतात. अनेक दशकांच्या ऊन-पावसाने पत्र्याचा वरचा थर झिजला की तेच घडते. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, घशात खवखव होईलच असेही नाही. श्वासावाटे खोलवर गेलेले तंतू शरीर सहज बाहेर टाकू शकत नाही. फुप्फुसांचा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उघड होतात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढऱ्यासह, मानवात कर्करोग उत्पन्न करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. केवळ व्यवसायातून होणाऱ्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

याचा सरळ अर्थ असा, की या प्रश्नात सर्वाधिक धोका घरमालकाला नाही. तो पत्रे बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या मिस्त्रीला आहे, त्याच्या हाताखालच्या पोराला आहे, तुकडे भरणाऱ्या बाईला आहे आणि त्यांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या व्यक्तीला आहे. कारखान्यातील कामगाराला निदान हजेरीपट असतो. या माणसांची नोंद कुठेच नसते.

त्यात भारतीय अर्थव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य भर घालते : आपल्याकडे काहीच फेकले जात नाही. एरवी ज्याचे कौतुक करावे असा हा गुण येथे घातक ठरतो. शाळेचे छत बदलले की उतरवलेले पत्रे लिलावात जातात. ते कोणाच्या तरी शेडवर चढतात. तेथून निघाले की गोठ्यावर, मग न्हाणीघराच्या आडोशाला, आणि शेवटी तुकडे होऊन पायवाटेच्या भरावात. प्रत्येक टप्प्यावर पत्रा अधिक जुना, अधिक ठिसूळ होतो आणि अधिक गरीब घरात पोहोचतो. प्रत्येक वेळी तो पुन्हा कापला जातो, त्याला पुन्हा भोके पडतात.

आपत्तीच्या काळात तर हे सारे एका रात्रीत घडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच्या आदल्या वर्षी फणीने पुरी जिल्हा उद्ध्वस्त केला होता. अशा वादळात सिमेंटचे पत्रे उडतात आणि फुटतात. मग लोक उघड्या हातांनी ते गोळा करतात, मुले ढिगाऱ्यांवर चढतात, जेसीबी तुकडे भरडत रस्ता मोकळा करतो. महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही पंचनाम्याची पद्धत ठाऊक असते. घर पूर्ण पडले की अंशतः, एवढे आपण काटेकोरपणे लिहितो, कारण मदतीची रक्कम त्यावर ठरते. फुटलेल्या छताचे पुढे काय करायचे, याला त्या कागदावर जागा नसते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानने ढिगाऱ्यातील ॲस्बेस्टॉसचा प्रश्न गांभीर्याने घेतला. आपल्या आपत्ती व्यवस्थापनात त्याला अजून हक्काचे स्थान मिळालेले नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कायद्याचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. ॲस्बेस्टॉसच्या खाणींसाठी नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबले आणि १९९३ मध्ये जुन्या पट्ट्यांचे नूतनीकरणही बंद झाले. म्हणजे स्वतःच्या भूमीतून हे खनिज काढणे आपण धोक्याचे मानले. रशिया, कझाकस्तान, ब्राझील यांसारख्या देशांतून वर्षाकाठी तीन लाख टनांहून अधिक आयात करणे मात्र मानले नाही. ॲस्बेस्टॉसचा कचरा, धूळ आणि तंतू, आयात करण्यास घातक कचऱ्याच्या नियमांनी मनाई आहे. कच्चा माल म्हणून तोच तंतू बंदरात उतरवता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर दिलेला निकाल हा भारतीय कामगार कायद्यातील मैलाचा दगड आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मानले. नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी जपण्याचा आदेश दिला. हा रोग किती सावकाश येतो, हे न्यायालयाने अचूक ओळखले होते. परंतु ज्याला मालकच नाही, अशा नाक्यावरच्या मिस्त्रीची नोंद चाळीस वर्षे कोण जपणार? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदीची मागणी मान्य केली नाही आणि तो निर्णय कायदेमंडळाच्या व शासनाच्या कक्षेत असल्याचे सूचित केले. तेव्हापासून चेंडू त्याच अंगणात पडून आहे.

रॉटरडॅम कराराच्या मंचावरही आपली भूमिका अशीच दोलायमान राहिली. क्रायसोटाईलची ‘धोकादायक’ यादीत नोंद करणे म्हणजे त्यावर बंदी नव्हे. निर्यातदाराने आयातदाराला धोक्याची माहिती देऊन संमती घ्यावी, एवढेच त्यात अपेक्षित आहे. २०११ मध्ये जिनिव्हात भारताने या नोंदीला असलेला विरोध मागे घेतला तेव्हा सभागृहाने स्वागत केले. पुढच्या बैठकांत आपण पुन्हा विरोधकांच्या बाकावर जाऊन बसलो.

सर्वांत बोलका विरोधाभास जहाजांचा आहे. फ्रान्सची निवृत्त विमानवाहू युद्धनौका ‘क्लेमान्सो’ तोडण्यासाठी अलंगकडे निघाली, तेव्हा तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून एवढे वादळ उठले, की फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती परत बोलवावी लागली. पुढे भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्चक्रणाचा कायदा केला आणि हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. आता जहाजावर घातक पदार्थांची यादी असावी लागते : कोणता पदार्थ, कोठे, किती. त्या यादीत ॲस्बेस्टॉसला प्रमुख स्थान आहे. ही व्यवस्था स्वागतार्हच आहे. परंतु परदेशी जहाजाच्या इंजिनखोलीबद्दल आपण जे विचारतो, ते आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल विचारत नाही.

‘नियंत्रित वापर’ सुरक्षित आहे, हा उद्योगाचा मुख्य युक्तिवाद. कारखान्याच्या आत ओल्या प्रक्रियेने आणि बंद यंत्रांनी धूळ बरीच आटोक्यात ठेवता येते, हे मान्य करू. पण पत्रा कारखान्यात राहत नाही. तो ट्रकवर चढतो, दुकानात रचला जातो, अंगणात कापला जातो. नियंत्रण फाटकापाशी संपते आणि वस्तूचे आयुष्य तेथे सुरू होते. भारतीय मानक ब्यूरोने ॲस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी १९८६ मध्ये आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या सुरक्षित हाताळणीसाठी १९८७ मध्ये मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. हे काम वेळेवर झाले होते. पण ज्यांच्यासाठी ती लिहिली, त्या माणसांच्या हातात, त्यांच्या भाषेत, ती पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : गरिबाच्या डोक्यावरचे छत हिरावून घेणार का? नाही. कोणतेही धोरण या प्रश्नापासूनच सुरू झाले पाहिजे. येथे दक्षिण कोरियाचा अनुभव आपल्या जवळचा आहे. १९७० च्या दशकातील ‘सेमाउल’ ग्रामविकास चळवळीत तेथील सरकारनेच गवताची छपरे काढून ॲस्बेस्टॉसचे पत्रे बसवण्यास उत्तेजन दिले होते. २००९ मध्ये पूर्ण बंदी आली आणि नंतर ग्रामीण घरांवरील तेच पत्रे सुरक्षितपणे काढण्यासाठी सरकारने अनुदान दिले. एका पिढीच्या विकासकामाची दुरुस्ती पुढच्या पिढीच्या अंदाजपत्रकातून झाली. पोलंडने २००९ ते २०३२ असा दीर्घ कार्यक्रम आखून गावोगावच्या पत्र्यांची नोंदवही तयार केली. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये बंदी आली; त्यानंतर २००४ पासून निवासी नसलेल्या इमारतींच्या व्यवस्थापकांवर ॲस्बेस्टॉस कोठे आहे याची नोंद ठेवण्याचे बंधन आले. सगळे एकदम उखडून काढा, असे यांपैकी कोणी म्हटले नाही. आधी मोजा, मग सांभाळा, मग क्रमाक्रमाने काढा, असाच मार्ग तेथे दिसतो.

भारतासाठी या मार्गाची रूपरेषा फारशी अवघड नाही. पहिली गोष्ट, घरयादीत धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांना वेगळे संकेतांक द्यावेत. याला एका ओळीपलीकडे खर्च नाही. दुसरी, शाळा, अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांपासून आरंभ करून सार्वजनिक इमारतींची नोंदवही करावी. केरळच्या राज्य मानवाधिकार आयोगाने २००९ मध्येच सरकारी शाळांवरील ॲस्बेस्टॉसची छते टप्प्याटप्प्याने बदलण्यास सांगितले होते. इतर राज्यांनी त्यापासून धडा घ्यावा. तिसरी, सरकारी इमारतींवरून उतरवलेल्या पत्र्यांचा लिलाव आणि पुनर्वापर तत्काळ बंद करावा. ज्या वस्तूला शासन घातक कचरा म्हणते, ती शासनानेच विकू नये.

चौथी, प्रत्येक तालुक्यात असे पत्रे स्वीकारणारे एक संकलन केंद्र असावे आणि तेथून ते घातक कचऱ्याच्या अधिकृत भूभरणावर जावेत. आज घरमालकाला नियम पाळायचा असला तरी पत्रे नेऊन द्यायला जागा नाही. अशा परिस्थितीत नियम म्हणजे उपदेश ठरतो. पाचवी, प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण लाभार्थ्याला मैदानी प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. जुने छत ॲस्बेस्टॉसचे असल्यास ते सुरक्षितपणे उतरवण्यासाठी छोटी वेगळी रक्कम आणि प्रशिक्षित गट याच साखळीत जोडता येईल. सहावी, आपत्ती व्यवस्थापनाच्या जिल्हा आराखड्यांत फुटलेल्या पत्र्यांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती असावी. आणि या साऱ्याचा खर्च, आयात चालू आहे तोवर, आयातीवरील उपकरातून यावा. जो आज टनांनी माल उतरवतो, त्याने उद्याच्या उतरवणीचाही भार उचलावा.

धोरण येईपर्यंत लोकांनी काय करावे, हेही सांगणे आवश्यक आहे. पत्रा अखंड असेल तर त्याला हात लावू नये. भोक पाडू नये, घासू नये, उच्च दाबाच्या पाण्याने धुऊ नये. त्यावर चढू नये, कारण जुना पत्रा वजनाने अचानक फुटतो आणि माणूस खाली पडतो. हा धोका तंतूंपेक्षा कितीतरी तातडीचा आहे. काढायचाच असेल तर साबणमिश्रित पाण्याने आधी ओला करावा, बोल्ट सोडवून पूर्ण पत्रा उतरवावा, फोडू वा फेकू नये. मुलांना दूर ठेवावे. रुमाल किंवा साधी कापडी पट्टी या तंतूंना अडवत नाही. सूक्ष्म कणांसाठीचा योग्य श्वसन-मुखवटा लागतो. कोरड्या झाडूने केर काढू नये, ओल्या फडक्याने पुसावे. उतरवलेले पत्रे आणि तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर नाव लिहून ठेवावेत. ते जाळू नयेत, भरावात टाकू नयेत, कोणाला वापरायला देऊ नयेत. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. खर्चात फारशी भर न घालता यातील बरेच काही करता येते. फक्त ते माहीत असावे लागते.

शेवटी काळाचा प्रश्न उरतो. आज एखादा अठरा वर्षांचा मुलगा कंत्राटदाराबरोबर पत्रे उतरवायला जात असेल, तर त्याला होणारा आजार २०५५ किंवा २०६० मध्ये दिसेल. तेव्हा आजचा कोणताही मंत्री पदावर नसेल, आजची कोणतीही फाईल उघडी नसेल. त्या वेळी डॉक्टर त्याला विडी-सिगारेटविषयी विचारतील. त्याने कोणती छपरे उतरवली, हे विचारण्याइतकी नोंद कोणापाशी नसेल. प्रशासनाला निवडणुकीच्या पाच वर्षांचा आणि अंदाजपत्रकाच्या एका वर्षाचा विचार करण्याची सवय असते. ॲस्बेस्टॉस आपल्याकडून चाळीस वर्षांचा विचार मागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये नोंदींसाठी नेमका तोच आकडा सांगितला होता. कारखान्यासाठी तो मान्य झाला; आता तो छपरासाठीही मान्य व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात घरयादीतील एका वेगळ्या रकान्याने होऊ शकते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)